फावल्या वेळचे उद्योग : चौथी रेघ

हिर्डोशीचा पाऊस ज्यांनीं पाहिला आहे त्यांना त्याचें वर्णन नको, आणि ज्यांनीं पाहिला नाहीं त्यांना तें पटणार नाहीं. आषाढांत वरंधा घाटावरून ढग उतरूं लागले म्हणजे समोरचें नीरा-देवघर धरणाचें पाणी कोठें संपतें आणि आभाळ कोठें सुरू होतें हें कळेनासें होतें. या दिवसांत येथल्या शेतकऱ्याला भातलावणीपुढें मान वर करावयास फुरसत नसते. माझ्यासारख्या निवृत्त शाळामास्तराला मात्र दिवस मोठा वाटतो. अशांत दोन दिवसांची सुटी जोडून आल्यामुळें पुण्याहून नातू आला. वय वर्षें नऊ. आल्या आल्या त्यानें हट्ट धरला कीं, भोंवरा पाहिजे. आणि तोहि दुकानांतला प्लॅस्टिकचा नव्हे. "आजोबा, तुम्ही लहानपणीं खेळत होतां तसला लांकडाचा."

भोंवरा करावयाचा म्हणजे कातारी पाहिजे. आमच्या घरापासून हांकेच्या अंतरावर एक सुतार आहे. त्याच्या पडवींत विजेच्या मोटरवर चालणारा लहानसा लेथ आहे. त्यावर तो लाटणीं, पोळपाटाचे पाय, पाळण्याच्या कातीव खुंट्या, देवघराचे खांब असा माल काढतो. हा माझा जुना विद्यार्थी. त्याचें नांव येथें देत नाहीं. कारण पुढें जें सांगावयाचें आहे त्यांत चूक माझी आहे, आणि माझ्या चुकीपायीं त्याच्या नांवाचा गाजावाजा होऊं नये. छत्री घेऊन आम्ही आजे-नातू त्याच्याकडे गेलों. त्यानें आनंदानें शिसवाचा एक तासून गोल केलेला तुकडा काढला. जाडी सवादोन इंच. भोंवरा दोन इंचांचा हवा होता.

हें काम ज्यांनीं जवळून पाहिलें नसेल त्यांच्यासाठीं येथें दोन शब्द सांगतों. सुतार एरवीं लांकूड स्थिर ठेवतो आणि हत्यार चालवितो. कातारी लांकूड फिरवितो आणि हत्यार स्थिर धरतो. तुकड्याच्या दोन्ही तोंडांच्या मधोमध टोंकदार सुळे रोवून तो गरगर फिरवावयाचा आणि टेकूवर पटाशी ठेवून हळूंच त्याला लावावयाची, म्हणजे जेवढें बाहेर आलेलें असेल तेवढें सोलून निघतें आणि तुकडा गोल होतो. पूर्वीं हाच चरक दोरीनें फिरवीत. एक माणूस दोरी ओढी आणि दुसरा पटाशी धरी. सावंतवाडीच्या रंगीत खेळण्यांतील गोल वस्तु काय किंवा आपल्या स्वयंपाकघरांतलें लाटणें काय, सारीं याच रीतीनें जन्मास आलेलीं.

आतां सुळे जर बरोबर मध्यावर रोवले गेले नाहींत तर काय होतें? तुकडा अखेर गोल होतोच, कारण ज्या आंसाभोंवतीं तो फिरतो त्याच आंसाभोंवतीं तो सोलला जातो. परंतु मध्य जेवढा चुकला असेल त्याच्या दुप्पट जाडी फुकट जाते. मध्य सूतभर, म्हणजे एक अष्टमांश इंच, ढळला तर व्यास पाव इंचानें घटतो. आमचा तुकडा सवादोन इंचांचा आणि भोंवरा दोन इंचांचा. म्हणजे सूतभर चूक झाली कीं सारी शिल्लक संपली. शिवाय एका अंगाला जड झालेला तुकडा वेगानें फिरूं लागला म्हणजे सारा लेथ हादरतो, आणि तुकडा मोठा असेल तर सुळ्यांतून निसटून माणसाच्या अंगावरहि येतो. तेव्हां मध्य काढणें हें या कामाचें पहिलें पाऊल होय.

मध्य काढावयाचा म्हणतांच माझ्यांतला मास्तर जागा झाला. नातवापुढें आजोबांची विद्या दाखविण्याची संधि कोण सोडतो? मीं म्हटलें, "थांब, तें काम माझें." परिघावर तीन बिंदु घेतले, दोन ज्या काढल्या आणि कर्कटकानें त्यांचे लंबदुभाजक काढावयास बसलों. कागदावर हें काम मीं हजारों वेळां केलें असेल. फळ्यावर तर डोळे मिटूनहि करीन. परंतु करवतीनें कापलेलें लांकडाचें तोंड म्हणजे कागद नव्हे. पेन्सिलीची रेघ शिरांतून फांकूं लागली. कर्कटकाचें टोंक ठेवावें एकीकडे आणि तें घसरून बसावें शेजारच्या शिरेंत. पाऊण घटका खटपट करून एकदांचा ठिपका दिला.

सुतारानें तो पाहिला, कांहीं बोलला नाहीं. खुंटीवरून त्यानें दोन काटकोनी लांकडी भुजांवर आडवी बसविलेली एक पोलादी पट्टी काढली. ती तुकड्याच्या तोंडावर ठेवली, रेघ मारली; पाव फेरा फिरविली, रेघ मारली; पुन्हां फिरविली, पुन्हां मारली; आणि चौथ्यांदा तसेंच. अर्धें मिनिटहि लागलें नसेल. चार रेघा मध्यभागीं एका बिंदूंत मिळाल्या नव्हत्या. त्यांच्यामध्यें मुगाच्या दाण्याएवढा एक इवलासा चौकोन उरला होता. त्याच्या मधोमध त्यानें सुळ्याची खूण ठोकली. माझा ठिपका तेथून ज्वारीच्या दाण्याएवढा दूर पडला होता. म्हणजे जवळजवळ सूतभर.

"गुरुजी," तो म्हणाला, "तुमची रीत खरी, पण ती कागदाची. लाकडावर पेन्सिल पळती."

मीं विचारलें, "पण मध्य काढावयास दोन रेघा पुरतात. तूं चार कां मारल्यास?"

"पट्टी कितीबी जपून लावा, केसभर हुकतीच. दोन रेघा काय, कुठंतरी छेदणारच. त्या खऱ्या का खोट्या ते कळत न्हाई. चार मारल्या की मधी चौकोन ऱ्हातो, आन् मध्य त्याच्या पोटात घावतो."

त्या चौकोनाकडे पाहतां पाहतां माझ्या मनांत चर्र झालें. हा चौकोन मीं पूर्वीं पाहिला होता.

तीसएक वर्षांपूर्वींची गोष्ट. मावळांतल्या एका शाळेंत मी नववीला भूमिति शिकवीत होतों. एके दिवशीं मुलांना पुठ्ठ्याच्या गोल चकत्या वांटल्या आणि सांगितलें कीं, हिचा केंद्रबिंदु काढा व खालीं कारण लिहा, गुण पांच. हा मुलगा घरून वडिलांचें हत्यार घेऊन आला होता. त्याच्या चकतीवर चार रेघा होत्या, मध्यें असाच एक लहानसा चौकोन होता आणि त्यांत ठिपका. कारण म्हणून खालीं लिहिलें होतें : 'माझे वडील असा काढतात.' मीं शून्य दिलें. तेवढ्यावर थांबलों नाहीं, ती चकती वर्गाला दाखवून म्हटलें, "ही भूमितीची शाळा आहे, सुतारमेट नव्हे. आणि याच्या तर रेघाहि एका जागीं भेटत नाहींत." वर्ग हंसला. मीहि हंसलों. त्यानंतर तें हत्यार शाळेंत पुन्हां आलें नाहीं. मुलगा कर्कटकाची रीत शिकला, परीक्षेंत पास झाला, आणि तें मीं माझ्या शिकविण्याचें यश समजलों.

त्या दिवशीं त्याच्या ठिपक्यांतून टांचणी घालून ती चकती एकदां फिरवून पाहिली असती तर? तेवढेंहि मीं केलें नाहीं. उत्तर तपासण्याऐवजीं मीं रीत तपासली, आणि खरें सांगावयाचें तर रीतहि नव्हे, ती कोणाच्या घरून आली आहे तें तपासलें. लाजेची गोष्ट ही कीं, १९३७ च्या ऑक्टोबरांत महात्मा गांधींच्या पुढाकारानें वर्ध्यास भरलेली शिक्षणपरिषद, हस्तोद्योगाच्या द्वारें सारे विषय शिकवावे हा तिचा विचार, त्यानंतर नेमलेली डॉ. झाकीर हुसेन यांची समिति, या सर्वांवर शिक्षकाच्या परीक्षेंत मीं पानेंच्या पानें लिहिलेलीं होतीं. परीक्षेंत तें लिहिणारा आणि वर्गांत त्या मुलाला हंसणारा माणूस एकच.

मीं भीतभीतच विचारलें, "ती पुठ्ठ्याची चकती तुला आठवते कां रे?"

"आठवती की," तो पट्टी पुशीत म्हणाला. त्याच्या बोलण्यांत राग नव्हता. थोड्या वेळानें म्हणाला, "आता माझा पोरगा नववीला हाय. तो इचारतो, चौथी रेघ कशाला. मी सांगतो, माझा बाप मारायचा. ते उत्तर तवाबी चाललं न्हाई, आताबी चालत न्हाई. तुमी सांगा, गुरुजी."

वाचकहो, मला तत्क्षणीं सांगतां आलें नाहीं. एक दिवसाची मुदत मागून मी घरीं आलों.

घरीं येऊन प्रथम संवयीप्रमाणें पोथ्या काढल्या. सूर्यसिद्धांताच्या त्रिप्रश्नाधिकारांत शंकूच्या छायेचीं तीन टोंकें घेऊन, दोन मत्स्याकृति काढून, त्यांच्या रेषा जेथें मिळतील तेथून तिन्ही बिंदूंना स्पर्श करणारें वर्तुळ काढण्यास सांगितलें आहे. (छायेचें टोंक खरोखर वर्तुळांत फिरत नाहीं, ही गोष्ट निराळी, तीन बिंदूंतून वर्तुळ काढण्याची युक्ति निर्दोष आहे, आणि कर्कटकाची माझी रीत ती हीच.) भास्कराचार्यांच्या लीलावतींत, म्हणजे ११५० च्या सुमारास, ज्या आणि शर यांवरून व्यास काढण्याचा नियम आहे : अर्ध्या ज्येचा वर्ग शरानें भागावा व त्यांत शर मिळवावा. ज्या ६ व शर १ असेल तर ९ आणि १ मिळून व्यास १०. फुटक्या जात्याच्या एका तुकड्यावरून सबंध जातें केवढें होतें तें यानें कळतें. पुढें अठराव्या शतकाच्या पूर्वार्धांत जयपूरच्या सवाई जयसिंगाच्या पदरीं असलेल्या जगन्नाथ सम्राटांनीं युक्लिडचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतांत आणला. तें 'रेखागणित' १९०१ व १९०२ सालीं मुंबईस दोन भागांत छापून निघालें. युक्लिडच्या तिसऱ्या अध्यायाचें पहिलेंच कृत्य म्हणजे दिलेल्या वर्तुळाचा मध्य काढणें.

या सर्वांत दोनच रेघा पुरतात, कारण शास्त्रांतली रेघ चुकत नाहीं. हातानें मारलेली रेघ चुकते. ती चुकली असतां काय करावें, हें मला दिव्याखालीं बसून स्वतःच जुळवावें लागलें. तें येथें देतों. घरांतील नववी-दहावीच्या मुलांना वाचून दाखवावें.

प्रथम ही पट्टी मध्यावरून कां जाते तें पाहूं. चौकोनी डब्याच्या कोपऱ्यांत एक लाडू सरकवून ठेवला आहे असें समजा. तो डब्याच्या दोन्ही भिंतींना टेकला आहे. लाडवाचा मध्य एका भिंतीपासून जेवढा दूर, तेवढाच दुसरीपासून; कारण दोन्ही अंतरें म्हणजे त्याची त्रिज्याच. आतां दोन्ही भिंतींपासून सारख्याच अंतरावर असलेले सारे बिंदु कोपऱ्यांतून निघून कोनाचे दोन सारखे भाग करणाऱ्या रेघेवर असतात. म्हणून लाडू लहान असो वा मोठा असो, त्याचा मध्य त्याच रेघेवर. हत्याराच्या दोन भुजा म्हणजे त्या भिंती, आणि पोलादी पट्टीची कड म्हणजे ती दुभागणारी रेघ. एक रेघ मारली. मध्य तिच्यावर कोठें तरी आहे. हत्यार फिरवून दुसरी मारली. मध्य तिच्यावरहि आहे. दोघींवर असलेला बिंदु एकच : त्यांचा छेद. येथपर्यंत पुस्तकी विद्या.

आतां पट्टी कोन बरोबर दुभागीत नाहीं, किंचित एका अंगाला कलली आहे असें समजा. मग रेघ मध्यावरून न जातां त्याच्या जवळून जाईल. परंतु हत्यार तुकड्याभोंवतीं कितीहि फिरविलें तरी तुकडा त्या कोनांत बसतो तो अगदीं पहिल्यासारखाच. म्हणून रेघ दर वेळीं मध्यापासून तेवढ्याच अंतरानें चुकते, आणि दर वेळीं त्याच अंगाला चुकते. देवाला प्रदक्षिणा घालतांना आपण जसा देव उजव्या हाताला ठेवतों आणि अंतर सोडीत नाहीं, तशी ही रेघ मध्याला उजवीकडे ठेवून त्याच्याभोंवतीं फिरते. चार रेघा चार बाजूंनीं येतात आणि देवाला गाभाऱ्यांत ठेवावें तसें मध्याला चौकोनांत कोंडतात. चारहि रेघा त्याच्यापासून सारख्या दूर. म्हणून मध्य बरोबर चौकोनाच्या मधोमध.

प्रमाण सांगतों. चार इंच जाडीचा तुकडा आणि पट्टी एका अंशानें कललेली असेल तर रेघ मध्यापासून सुमारें एक विसांश इंच दूर जाते. चौकोनाची बाजू त्याच्या दुप्पट, एक दशांश इंच. म्हणजे मुगाचा दाणा. दोनच रेघा मारल्या असत्या तर त्यांचा छेद या चौकोनाच्या एका कोपऱ्यावर आला असता, आणि आपण त्यालाच मध्य समजून निर्धास्तपणें खिळा ठोकला असता. कारण कोणत्याहि दोन आडव्या-उभ्या रेघा कोठें तरी छेदणारच. त्या खोटें बोलल्या तरी उघडें पडत नाहीं. तिसरी रेघ आली म्हणजे खोटें उघडें पडतें. चौथी आली म्हणजे खरें कोठें आहे तें डोळ्यांना दिसतें. ज्याला मीं 'रेघा एका जागीं भेटत नाहींत' म्हणून हंसलों, तेंच त्या रीतीचें मर्म होतें.

आतां हें हत्यार घरीं कसें करावें तें सांगतों.

साहित्य थोडें आहे. सागाच्या किंवा कोणत्याहि मुरलेल्या लांकडाच्या दोन पट्ट्या, प्रत्येक पांच इंच लांब, एक इंच रुंद व अर्धा इंच जाड. मुलांच्या कंपासपेटींत मावते तसली सहा इंची पोलादी मोजपट्टी. चार लहान स्क्रू आणि थोडा सरस. हत्यारें म्हणजे बारीक दात्यांची करवत, पटाशी, सुताराचा गुण्या आणि भोंक पाडण्याचें साधन.

प्रत्येक लांकडी पट्टीच्या एका टोंकाशीं एक इंच लांबीचा भाग निम्म्या जाडीपर्यंत कापून काढावा. एकीचा वरून, दुसरीचा खालून. हे दोन खांचे एकमेकांत बसविले म्हणजे पट्ट्यांचा काटकोन होतो आणि दोहोंचा वरचा पृष्ठभाग एका पातळींत येतो. आंतून गुण्या लावून कोन पाहावा, सरस लावावा, खालच्या बाजूनें दोन स्क्रू मारावे आणि रात्रभर दाबून ठेवावें. आंतल्या कोपऱ्यांत आलेला सरस ओला असतांनाच पुसून घ्यावा. नाहीं तर तेथें गांठ राहते आणि लहान तुकडा भुजांना नीट टेकत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं सांध्याच्या चौकोनाचा बाहेरचा कोपरा आणि आंतला कोपरा जोडणारी रेघ बारीक पेन्सिलीनें काढावी. दोन्ही पट्ट्या सारख्या रुंदीच्या असतील तर हीच कोनाला दुभागणारी रेघ होय. खालून मारलेले स्क्रू या रेघेच्या वाटेंत येऊं नयेत म्हणून ते दुसऱ्या कर्णाच्या टोंकांशीं मारलेले असावे. मोजपट्टीला एका टोंकाशीं, एकामागें एक, दोन बारीक भोंकें पाडावीं. पोलादाला भोंक पाडणें घरीं जमत नसेल तर लोहाराकडून पाडून घ्यावीं. मग मोजपट्टीची एक कड बरोबर त्या रेघेवर ठेवून प्रथम एकच स्क्रू बेतानें बसवावा.

आतां खरी कसोटी. आंतल्या कोपऱ्यापासून दोन्ही भुजांच्या आंतल्या कडांवर साडेतीन इंचांवर खुणा कराव्या. कर्कटकाचें एक टोंक मोजपट्टीच्या त्या कडेच्या दूरच्या शेवटावर ठेवून तेथून दोन्ही खुणांचें अंतर पाहावें. दोन्ही सारखीं येईपर्यंत पट्टी हलवावी. मात्र कड आंतल्या कोपऱ्यावरून ढळूं देऊं नये. सारखीं आलीं कीं दुसरा स्क्रू आवळावा. कर्कटक नसेल तर न ताणला जाणारा दोरा चालतो. इतकें करूनहि केसभर चूक राहीलच. राहूं द्यावी, तिची सोय चौथ्या रेघेनें केलेली आहे.

या मापाच्या हत्यारानें सुमारें सहा इंच व्यासापर्यंतच्या तुकड्याचा मध्य निघतो. मोठा तुकडा असेल तर भुजा आणि पट्टी त्या मानानें लांब घ्यावी. भुजा निदान त्रिज्येएवढी पाहिजे. पट्टीचा आंतल्या कोपऱ्यापुढचा भाग त्रिज्येच्या दीडपट असला म्हणजे काम भागतें.

वापरतांना तुकड्याचें तोंड सरळ कापलेलें असावें. पट्टी तोंडावर सपाट टेकवावी, दोन्ही भुजा अंगाला घट्ट लावाव्या, मग रेघ मारावी. पेन्सिलीपेक्षां चाकूच्या टोंकाची चीर बरी. ती शिरांतून पळत नाहीं. दर वेळीं पट्टीच्या त्याच कडेनें रेघ मारावी, ही गोष्ट विसरूं नये. कड बदलली तर प्रदक्षिणा उलटी झाली आणि सारा हिशेब फसला. चौकोन नीटनेटका आला तर दोष बहुधा पट्टीचा. वेडावांकडा आला तर तुकडाच गोल नाहीं असें समजावें. चौकोनी तुकड्यालाहि हेंच हत्यार चालतें : त्याचा कोपरा भुजांच्या कोपऱ्यांत बसविला कीं पट्टी कर्ण दाखविते. गोल तुकड्याला कोन काटकोनच पाहिजे असें नाहीं, तो बरोबर दुभागला म्हणजे झालें. काटकोन हवा तो या चौकोनी कामासाठीं.

आणखी एक सूचना. नवशिका माणूस ओंडक्याच्या तोंडावरचा गाभा पाहून तोच मध्य धरतो. विशेषतः आमच्या मावळासारख्या उतारावर वाढलेल्या झाडांत वर्षवलयें एका अंगाला रुंद आणि दुसऱ्या अंगाला अरुंद असतात. गाभा एकीकडे सरकलेला असतो. झाडाचा गाभा निराळा, वर्तुळाचा मध्य निराळा. आणि फिरत्या लेथपाशीं सैल बाह्या, उपरणें, मोकळे केस घेऊन कोणीहि उभें राहूं नये; डोळ्यांवर चष्मा असावा; मुलांना पाहूं द्यावें, पण पटाशी मोठ्यानेंच धरावी.

हें असलें तयार साधन आतां बाजारांतहि मिळतें, आणि तें वाईट असतें असें नाहीं. परंतु आपल्या पांढरपेशा घरांतून पुस्तकें पुष्कळ असतात आणि गुण्या एकहि नसतो. मुलानें हातानें केलेलें हत्यार केसभर चुकतें, आणि तें कां व किती चुकतें हें शोधतांना त्याला जी भूमिति येते ती विकतच्या साधनानें यावयाची नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तिसऱ्या प्रहरीं कागद घेऊन मी पुन्हां त्या पडवींत गेलों. बरोबर नातू होता. सुताराचा मुलगाहि नुकताच शिवारांतून आला होता. लाडवाचा डबा, प्रदक्षिणा, गाभारा, सारें मुलांना सांगितलें. मुलानें मुद्दाम पट्टीचा एक स्क्रू सैल करून ती चांगली कलती केली आणि चार रेघा मारल्या. चौकोन वाटाण्याएवढा झाला. त्याचा मध्य मात्र होता तेथेंच राहिला. दोन्ही पोरें खूष झालीं. सुतारानें लेथ बंद केला होता. तो दाराला टेकून ऐकत होता. सारें झाल्यावर म्हणाला, "म्हंजे माझा बाप बरोबर होता."

"होय," मी म्हणालों. "आणि तूंहि."

त्यानें मान डोलावली आणि मोटर सुरू केली. जें उत्तर तीस वर्षांपूर्वीं एका वर्गापुढें द्यावयास पाहिजे होतें तें तिघांपुढें दिलें. वर्गाला तें आतां कळावयाचें नाहीं. म्हणून या पानावर लिहून ठेवीत आहें. त्याच संध्याकाळीं शिसवाच्या भोंवऱ्याला आर बसली, नातवानें जाळी गुंडाळली, आणि ओसरीवर भोंवरा असा उभा राहिला कीं, तो फिरतो आहे हें सांगावें लागावें. पुढील खेपेस याच हत्याराच्या मदतीनें पोळपाटाला तीन पाय सारख्या अंतरावर कसे बसवावे तें पाहूं.